चार अक्षरं, नऊ उच्चार: इंग्रजीतल्या ओ-यू-जी-एचची कुळकथा

इंग्रजी शब्दकोश उघडून ओ, यू, जी, एच ही अक्षरं याच क्रमाने ज्यात येतात असे शब्द कागदावर उतरवून काढले, तर पंधरा-वीस शब्दांतच डोकं गरगरायला लागतं. या चौघांच्या आधी टी-एच जोडलं की होतं 'दो', म्हणजे 'जरी'. त्या टी-एचनंतर एक आर घुसवला की 'थ्रू', म्हणजे 'मधून, आरपार'. नुसता टी ठेवला तर 'टफ', चिवट. सी ठेवला तर 'कॉफ', खोकला. बी ठेवला तर 'बाव', झाडाची फांदी. 'दो'च्या शेवटी टी लावला तर 'थॉट', विचार. 'कसून केलेलं' या अर्थाचा शब्द इंग्लंडात साधारण 'थरा' असा ऐकू येतो. उचकीच्या एका जुन्या स्पेलिंगमध्येही हीच चौकडी आहे आणि तिथे ती चक्क 'अप' होते: हिकप. आयर्लंडमध्ये तळ्याला म्हणतात 'लॉख', तिथेही हीच अक्षरं. चार अक्षरांचे हे नऊ उच्चार झाले, आणि अर्थांचा एकमेकांशी संबंध तर सोडाच.

यातला खोकला आपल्याला सगळ्यात जवळचा, कारण आपण त्याचा उच्चार आपल्या सोयीने 'कफ' करून टाकला आहे. 'कफ सिरप' म्हणताना वात-पित्त-कफातला कफच डोक्यात असतो, आणि औषध त्याच कामाचं असल्यामुळे शंकाही येत नाही. प्रत्यक्षात दोन्ही शब्दांचा काडीचाही संबंध नाही. इंग्रजी शब्द खोकण्याच्या आवाजावरून बनला आहे, आपल्या 'खोकला'सारखाच.

मग शब्दकोश या सारख्या दिसणाऱ्या शब्दांची वासलात कशी लावतो? इथे कोशाची एक पद्धत समजून घ्यायला हवी. ती शाळेत सहसा कोणी सांगत नाही, आणि ती कळली की कोश वाचायला मजा येते. शब्दाचं मूळ एकच असेल आणि अर्थ अनेक फुटले असतील, तर कोशात एकच नोंद असते आणि तिच्या पोटात १, २, ३ असे अर्थ. 'टफ' तसा आहे. चावायला चिवट मांस, काटक माणूस, अवघड पेपर, गल्लीतला गुंड, सगळे एकाच नोंदीत राहतात, कारण सगळे 'सहज तुटत नाही' या एकाच अर्थातून निघाले. पण मुळं वेगळी असतील आणि स्पेलिंग योगायोगाने एक झालं असेल, तर दोन स्वतंत्र नोंदी होतात आणि शब्दाच्या डोक्यावर बारीक १ आणि २ हे आकडे बसतात.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे एस-एल आणि पुढे आपली चौकडी. पहिली नोंद: चिखल, दलदल, उच्चार 'स्लाव'. दुसरी नोंद: सापाने टाकलेली कात, किंवा कात टाकण्याची क्रिया, उच्चार 'स्लफ'. लिहायला तंतोतंत एक, मात्र मूळ वेगळं, अर्थ वेगळा, उच्चारही वेगळा. लंडनच्या पश्चिमेला, हिथ्रो विमानतळाच्या जवळ याच स्पेलिंगचं गाव आहे. भारतीय वंशाच्या लोकांची तिथे मोठी वस्ती आहे. विल्यम हर्शल या खगोलशास्त्रज्ञाने आपली चाळीस फूट लांबीची प्रसिद्ध दुर्बीण तिथेच उभारली होती. त्या गावाला 'स्लफ' म्हटलं तर लोक हसतील. ते 'स्लाव', दलदलीवरून नाव पडलेलं.

तिसरा प्रकार उलटा आहे: मूळ एक, पण शब्द दोन झाले. 'थ्रू' आणि 'थरा' हे एकेकाळी एकच होते. जुन्या इंग्रजीतल्या 'थुर्ख' या शब्दाचं एक रूप जोर न देता बोलताना आखडलं आणि त्याचं 'थ्रू' झालं. दुसऱ्या रूपावर जोर राहिला, ते दोन ठोक्यांत बोललं जाऊ लागलं, त्याचं 'थरा'. काम आरपार नेलं की ते कसून केलेलं होतं, म्हणून हा अर्थ. आरपार जाणाऱ्या रस्त्याला इंग्रजीत 'थरफेअर' म्हणतात, त्यात जुना अर्थ अजून जिवंत आहे.

कोशाबद्दल आणखी एक सांगून टाकतो, कारण यात भलेभले फसतात. कोशात दिलेला पहिला अर्थ हा सगळ्यात महत्त्वाचा किंवा सगळ्यात प्रचलित असतोच असं नाही. ऑक्सफर्डचा मोठा कोश आणि अमेरिकेतला मेरियम-वेबस्टर हे अर्थ ऐतिहासिक क्रमाने देतात: आधी जुना, मग नवा. विद्यार्थ्यांसाठीचे कोश मात्र बहुधा वापरातला अर्थ आधी देतात. त्यामुळे जाडजूड कोशातला पहिला अर्थ उचलून वाक्यात बसवला की कधी कधी फार विचित्र वाक्य तयार होतं.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एवढे उच्चार आले कुठून?

या सगळ्या भानगडीच्या मुळाशी जी आणि एच ही जोडी आहे. आज ती बहुतेक ठिकाणी मुकी आहे, पण हजार वर्षांपूर्वी तिच्या जागी चांगला खणखणीत आवाज होता. घसा खाकरताना निघतो तसा, उर्दूतल्या 'ख़बर'मधल्या ख़सारखा तो आवाज होता. 'रात्र' या अर्थाच्या इंग्रजी शब्दात जी-एच आहे आणि त्याचा उच्चार 'नाइट'. त्याच शब्दाचा जर्मन भाऊबंद आजही 'नाख्ट' असा घशातून येतो. स्कॉटलंडमधल्या तळ्यांच्या 'लॉख'मध्येही तो आवाज टिकून आहे.

जुन्या इंग्रजीत हा आवाज साध्या एचने लिहीत. १०६६ साली उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि हळूहळू लेखनाची सूत्रं फ्रेंच वळणाच्या लेखनिकांकडे गेली. फ्रेंचमध्ये एचचा आवाज दुबळा, त्यामुळे इंग्रजांच्या घशातल्या या खरखरीला नुसता एच पुरेना. काही काळ त्यासाठी 'योख' नावाचं तीनच्या आकड्यासारखं दिसणारं वेगळं अक्षर चाललं. शेवटी जी-एच ही जोडी रूढ झाली. म्हणजे आज ज्या जोडीला आपण उगाच घुसलेली म्हणतो, ती उलट आवाज नीट दाखवण्यासाठी आणलेली होती.

मग दोन गोष्टी जवळजवळ एकाच काळात घडल्या, आणि घोटाळा झाला. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले दीर्घ स्वर जागचे हलले. 'ओ'चा 'ऊ' झाला, 'ऊ'चा 'आव' झाला, 'ई'चा 'आय' झाला. याला भाषाशास्त्रात स्वरांचं महास्थित्यंतर म्हणतात. आणि नेमक्या याच काळाच्या सुरुवातीला, १४७६ मध्ये, विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. हातानं लिहिणारा माणूस जसं बोलतो तसं लिहीत असे, एकाच पानावर एक शब्द दोन तऱ्हांनीही लिहीत असे. छपाईने हे बंद पाडलं. पुढच्या दीड-दोनशे वर्षांत स्पेलिंगं घट्ट होत गेली आणि त्याच वर्षांत उच्चार धावत सुटले. छापलेला शब्द म्हणजे धावणाऱ्या माणसाचा काढलेला फोटो: माणूस पुढे गेला, फोटोतला पाय अजून हवेतच.

घशातला तो ख़ या काळात इंग्लंडमध्ये मरत चालला होता, पण सगळीकडे एकाच पद्धतीने मेला नाही. काही ठिकाणी तो नुसता गळला आणि मागचा स्वर लांबला. म्हणून 'दो', 'थ्रू', 'बाव'. काही बोलींमध्ये त्याचा 'फ' झाला. हे ऐकायला चमत्कारिक वाटतं, पण स्वतः करून बघा. ओठांचा चंबू करून 'ऊ' म्हणा आणि तसाच चंबू ठेवून घशातून ख़ काढा. आवाज अर्धा ओठांतूनच येतो. तो थोडा आणखी पुढे सरकला की 'फ' झालाच. 'टफ', 'रफ', 'इनफ', 'कॉफ' असे तयार झाले.

कोणत्या शब्दाने कोणता रस्ता धरला याला नियम नाही, कारण लंडनच्या प्रमाण बोलीत निरनिराळ्या भागांतले लोक आले आणि येताना आपापले उच्चार घेऊन आले. एकाच शब्दाची दोन्ही रूपंही मागे राहिली आहेत. मळलेल्या पिठाला प्रमाण इंग्रजीत 'डो' म्हणतात, पण उत्तर इंग्लंडात त्याच शब्दाचा 'डफ' झाला आणि उकडलेल्या गोड पदार्थाचं नाव म्हणून तो कोशात वेगळा शब्द होऊन बसला. 'इनफ'चंही 'इनाव' असं एक जुनं रूप होतं, ते आता कवितेपुरतं उरलं. हसण्याचा 'लाफ' आणि मुलीचा 'डॉटर' या दोन्हींत जी-एच आहे, एकात फ झाला, दुसऱ्यात काहीच उरलं नाही.

इथे तो प्रसिद्ध विनोद आठवतो. जी-एच-ओ-टी-आय असं लिहायचं आणि वाचायचं 'फिश': 'इनफ'मधला जी-एच, 'विमेन'मधला ओ, 'नेशन'मधला टी-आय. हा विनोद नाटककार बर्नार्ड शॉच्या नावावर खपतो, पण तो १८५५ च्या एका पत्रात सापडतो आणि शॉचा जन्म १८५६ चा! विनोदात एक लबाडीही आहे. जी-एचचा फ फक्त स्वरानंतर होतो, शब्दाच्या सुरुवातीला कधीच नाही. वर जो इतिहास सांगितला तो एकदा कळला की हे लगेच लक्षात येतं: चंबू करायला आधी 'ऊ'सारखा स्वर नको का?

या मुक्या जी-एचचा आपल्याशी एक जुना धागा आहे, आणि मला या विषयातला हाच भाग सगळ्यात गोड वाटतो. इंग्रजी आणि संस्कृत या एकाच प्राचीन भाषेच्या दूरच्या शाखा. इंग्रजीने संस्कृतातून उचललं असं इथे नाही, दोघींनी घरून आणलं. फांदी या अर्थाचा 'बाव' जुन्या इंग्रजीत खांदा आणि हात या अर्थानेही चाले. संस्कृतातला त्याचा सख्खा शब्द आहे 'बाहु'. मळलेल्या पिठाचा 'डो' आणि 'देह' हे एकाच धातूचे: मळणं, लिंपणं, मातीला आकार देणं. 'डॉटर' आणि 'दुहिता' ही जोडी बहुतेकांना माहीत असते. हलका या अर्थाचा 'लाइट' आणि 'लघु', रात्रीचा 'नाइट' आणि नक्तव्रतातला 'नक्त', 'एट' आणि 'अष्ट' याही जोड्याच. या सगळ्या इंग्रजी शब्दांच्या स्पेलिंगमध्ये जी-एच आहे. आणि संस्कृतात त्याच जागेवर पाहा: ह, ह, ह, घ, क, ष. स्पेलिंग सोपं करणाऱ्यांनी ही जोडी उडवली असती तर शाळेतल्या मुलांचे गुण वाढले असते हे खरं, पण हे नातं नुसत्या डोळ्यांना दिसलं नसतं.

चौकडीच्या शेवटी टी आला की मात्र गोंधळ बराच कमी होतो. 'थॉट', 'बॉट', 'ब्रॉट', 'फॉट', 'सॉट', सगळीकडे एकच 'ऑट'. अपवाद 'ड्राउट' म्हणजे अवर्षण. तो कोरडा या अर्थाच्या 'ड्राय'चा नातलग. बाकीची बहुतेक क्रियापदांची भूतकाळी रूपं: थिंकचं थॉट, ब्रिंगचं ब्रॉट, सीकचं सॉट. फार पूर्वी या क्रियापदांतल्या क-ग वर्गातल्या आवाजापुढे त आला की त्याचा घशातला ख़ होई, तोच जी-एच. 'पाहिजे' या अर्थाचा 'ऑट' हा तर 'देणं लागणं' या अर्थाच्या 'ओ'चा जुना भूतकाळ. देणं होतं, त्याचं कर्तव्य झालं.

यांच्यातलाच एक आपल्या दारात उभा असतो. फॅब्रिकेशनवाला ज्याला सरसकट 'रॉड आयर्नचं गेट' म्हणतो, ते खरं 'रॉट आयर्न'. डब्ल्यू-आर आणि पुढे आपली चौकडी, शेवटी टी. हे 'वर्क'चं जुनं भूतकाळी रूप आहे, म्हणजे घडवलेलं, ठोकून काम केलेलं लोखंड. गेटमध्ये रॉड असतातच, त्यामुळे दुरुस्त करायला जाऊ नका, कोणी ऐकणार नाही.

आपल्या कागदपत्रांतही हे शब्द बसलेले आहेत. १९२५ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात 'बरो म्युनिसिपालिट्या' झाल्या. जुन्या पुणेकरांच्या तोंडी 'सिटी बरो' असे. हा 'बरो' मुळात तटबंदीचं ठिकाण, एडिंबरोच्या शेपटीतला तोच, फक्त तिथे स्पेलिंगमध्ये ओ नाही. आणि कैद्याच्या 'फर्लो'ची बातमी तर आपण पेपरात नेहमी वाचतो, सरकारी मराठीत संचित रजा. हा शब्द डच भाषेतला, सतराव्या शतकात सैनिकांच्या रजेसाठी इंग्रजीत आला. डच मूळ 'फरलोफ'. त्यात घशातला ख़ कधीच नव्हता. घरातल्या इतर शब्दांचं पाहून त्याला जी-एच चिकटवला गेला.

असे घुसखोर आणखी आहेत. आनंद या अर्थाचा 'डिलाइट' फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात जी-एच नव्हता, 'लाइट'च्या संगतीने लागला. उचकीचं तर आधीचं स्पेलिंग साधं, उच्चाराबरहुकूम होतं. मग कोणाला तरी वाटलं की उचकीत 'कॉफ' दडला आहे, आणि नवं स्पेलिंग निघालं. उच्चार मात्र 'हिकप'च राहिला. ऑक्सफर्डच्या १९२८ मध्ये पुऱ्या झालेल्या पहिल्या आवृत्तीने एरवीची तटस्थता बाजूला ठेवून, हे स्पेलिंग निव्वळ चूक आहे, सोडून द्यावं, असं बजावलं. ते अजून सुटलेलं नाही. कोश फार तर सांगू शकतो, हुकूम चालवू शकत नाही.

हुकूम चालवायचा प्रयत्न अमेरिकेत झाला. कोशकार नोआ वेबस्टरने १७८९ मध्येच 'टफ'साठी टी-यू-एफ, 'डॉटर'साठी मधे डब्ल्यू घालून नवं स्पेलिंग, नांगराच्या 'प्लाव'साठी पी-एल-ओ-डब्ल्यू सुचवलं. नांगर तेवढा टिकला. अमेरिकन शेतकरी आजही जी-एचशिवाय नांगरतो. १९०६ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छापखान्याला तीनशे शब्दांची सोपी स्पेलिंगं वापरायला सांगितली, त्यात 'थ्रू'चं टी-एच-आर-यू होतं. वर्तमानपत्रांनी टर उडवली, काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, विरोध केला आणि वर्ष संपायच्या आत आदेश मागे घ्यावा लागला. 'शिकागो ट्रिब्यून' या दैनिकाने पुढे स्वतःच्या पानांत असली स्पेलिंगं काही दशकं चालवली आणि १९७५ मध्ये सोडली. त्यातलं टी-एच-आर-यू आज उरलंय ते 'ड्राइव्ह-थ्रू'च्या पाटीवर.

आपण इंग्रजीला फार हसू नये हेही जाता जाता. 'पाण्याचा जग' आणि 'सगळं जग' मोठ्याने वाचा. चहातला च आणि चाकातला च वाचा. परक्या माणसाला हे कोणत्या नियमाने सांगणार? आपल्या बहुतेक कोशांत तर तो फरक दाखवायला खूणही नसते. इंग्रजी कोश निदान उच्चार देतात, तेही पहिल्यापासून नाही. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात फक्त आघात कुठे द्यायचा याची खूण होती. १७९१ मध्ये जॉन वॉकरने उच्चार सविस्तर दाखवणारा कोश काढला. आज छापील कोशात दिसणारी उलट्या ई-सारखी चिन्हं १८८८ च्या सुमारास ठरलेल्या आंतरराष्ट्रीय लिपीतून आली. आपल्याकडच्या इंग्रजी-मराठी कोशांत देवनागरीत उच्चार देतात, ते कामापुरते बरे असतात. पण 'थरा' लिहावं की 'थरो' यावर तिथेही एकमत नाही, कारण ब्रिटिश एक म्हणतो आणि अमेरिकन दुसरं.

गावांच्या नावांना तर कोशही पुरत नाही. इंग्लंडात लेस्टरजवळ एक विद्यापीठाचं गाव आहे, खेळाच्या शिक्षणासाठी नावाजलेलं. त्याच्या नावात आपली चौकडी दोनदा येते, पहिल्यांदा 'अफ', दुसऱ्यांदा नुसता 'अ'. गाव 'लफ्बरा'. परदेशी पाहुणे ते 'लूगाबरूगा' असं वाचतात हा तिथला जुना विनोद, आणि गावाने तो इतका मनावर घेतला की मुलांच्या पुस्तकांच्या एका महोत्सवाला हेच नाव दिलं.